विश्वास असला की झालं

सगळ्यात आधी बायबलमधलं याकोबाचं पत्र टाळायला शिका, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे म्हणणारं. पाचच अध्याय, तेही पार मागे इब्री लोकांस पत्राच्या नंतर, सहज चुकतं. कोणी खोदून विचारलंच तर सांगा की प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या खुद्द मार्टिन ल्यूथरने १५२२ साली त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं होतं. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेलं, पण तुम्हाला कोण तपासायला येतंय.

रविवारी उपासनेला वीस मिनिटं आधी पोचा, पंख्याखालच्या बाकावर रुमाल टाका, वर बायबल ठेवा. उशिरा एखादी बाई कडेवर पोर घेऊन तिथे आली तर नुसतं गोड हसा, ती आपोआप मागे दाराशी जाऊन उभी राहते. अंगठीवाल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायापाशी, असं याकोबाने दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय म्हणा, पण आपलं ठरलंय ना ते वाचायचं नाही.

मंडळीच्या ग्रुपवर कुणाच्या ऑपरेशनला पैसे कमी पडतायत असा मेसेज आला की पहिल्या मिनिटात हात जोडलेला इमोजी टाका, प्रार्थनेत आठवण ठेवतो लिहा. दवाखान्यात डबा कोण नेणार हे निघालं की फोन सायलेंट.

लेंटमधे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, चहा सोडा. डोकं दुखलं की घरच्यांवर खेकसा.

आता मावशींचं. नातवाला ताप म्हणून त्या चार दिवस आल्या नाहीत, मग महिनाअखेरीस कॅल्क्युलेटर काढा, पगाराला तीसने भागायचं की एकतीसने हे नीट बघा, कारण तीसने भागलं तर थोडे जास्त कापले जातात. अडवलेली मजुरी ओरडते असंही त्याच पत्रात आहे, पाचव्या अध्यायात, बघा किती त्रासदायक माणूस. वर मावशींना नाताळच्या उरलेल्या करंज्या द्या, डब्याच्या तळाच्या, जरा खवट झालेल्या चालतात. उजवा हात दान करतो ते डाव्याला कळू नये म्हणतात, तेव्हा स्टेटसला फोटो काढताना मोबाईल तेवढा डाव्या हातात धरू नका.

आणि हॉलमधे पंडिता रमाबाईंचा फोटो हवाच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी पोरी आणून केडगावला कशा सांभाळल्या, हे पाहुण्यांना सांगताना आवाज जरा भरून येऊ द्या. मावशी तेव्हा फरशी पुसत असतील तर तेवढे पाय वर घ्या.