लोंबी काळी पडली म्हणजे कोळीच?

भात पोटरीत आले, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणातच फुगू लागली, की व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरू लागतो : "दाणे काळे, पळींज (पोकळ दाणे) जास्त? हा कोळी आहे. लोंबी बाहेर पडताच सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशक मारा, आठ दिवसांनी पुन्हा मारा, सोबत युरिया टाका. हमखास गुण." पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला ऐकून शेतकऱ्याचा पैसाही जातो आणि पीकही. म्हणून एकेक दावा तपासू.

"काळा दाणा म्हणजे कोळी." दाणा बुरशीने काळा पडतो, जिवाणूने पडतो, दाण्यात दूध भरताना गंधी ढेकणाने रस शोषला तरी डागाळतो. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला किंवा उष्णता वाढली तर काहीही कीड नसताना दाणा पोकळ राहतो. लोंबीचा कोळी (स्टेनिओटार्सोनेमस स्पिंकी; जाळे विणणारा नव्हे, भातावरचा सूक्ष्म जीव) हे यातले एक कारण. 1997 मध्ये क्युबात त्याने मोठे नुकसान केले, 2007 मध्ये तो अमेरिकेत टेक्सास, लुइझियानाच्या भातात सापडला, आपल्या देशात तर त्याच्याही आधीपासून आहे. पण तो पाव मिलिमीटरचा आणि जवळजवळ पारदर्शक. बांधावरून बघून त्याचे निदान होत नाही. वरच्या पानाचा पर्णकोष, म्हणजे खोडाला वेढणारा भाग, सोलून आतली बाजू 20 पट भिंगाखाली धरा. आत तपकिरी चट्टे आणि हलणारे ठिपके दिसले तर कोळी. लोंबीत काही दाणे पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले असतील तर संशय बळावतो. कडेची चार रोपे सोलून थांबू नका, शेतात पाच ठिकाणी बघा.

"लोंबी बाहेर पडताच फवारा." तोवर उशीर झालेला असतो. कोळी पर्णकोषाच्या आत वाढतो आणि लोंबी पोटरीत असतानाच तिच्यावर चढतो. पर्णकोष कुजवणाऱ्या बुरशीचे बीजाणूही तोच वाहून नेतो. नर नसला तरी मादी अंडी घालते, त्यांतून नर निघतात आणि पुढे त्यांच्याशीच तिचे मिलन होते, म्हणजे एका मादीपासून सगळी वसाहत उभी राहते. उबदार, दमट हवेत पिढी आठवड्याभरात पुरी होते. त्यामुळे बघायला सुरुवात करायची ती फुटवे संपत आले की, लोंबी दिसल्यावर नव्हे.

सगळ्यात घातक दावा पायरेथ्रॉइडचा. आपल्या भाषेत जाळे विणणाराही कोळी आणि दाणा नासवणाराही कोळी, त्यामुळे गोंधळ वाढतो. जाळे विणणारा तुडतुडे खातो, तो आपला राखणदार. दाणा नासवणाराही त्याचाच आठ पायांचा भाऊबंद, कीटक नव्हे. कीटकांसाठी बनवलेली बरीच औषधे त्याच्यावर लागू पडत नाहीत, त्यात पर्णकोषाच्या आत फवारा नीट पोचतच नाही. मरतात ते राखणदार कोळी आणि किडीच्या कोळ्याला खाणारे भक्षक कोळी. पायरेथ्रॉइड मारलेल्या भातात तपकिरी तुडतुडे उसळतात, हे तर भातशेतीत जुने, माहितीतले दुखणे आहे. एका किडीवर औषध मारून दुसरी अंगावर घ्यायची ही रीत मला सहन होत नाही. भिंगाखाली कोळी दिसलाच, तर लेबलवर भात लिहिलेले कोळीनाशक कोणते, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

युरियाबद्दल थोडक्यात : जादा नत्राने पीक दाट, लुसलुशीत होते आणि कोळी, करपा, तुडतुडे तिघांनाही ते आवडते.

निरोपात नसलेली गोष्ट मात्र सगळ्यात महत्त्वाची. कापणीनंतरच्या धसकटांवर फुटलेल्या हिरव्या कोंबांत आणि सांडलेल्या दाण्यांच्या रोपांत कोळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो. कोकणात जिथे कालव्याच्या पाण्यावर खरिपामागून लगेच उन्हाळी भात लागते, तिथे त्याला उपासच घडत नाही. कापणी झाल्याझाल्या धसकटे नांगरून गाडा आणि रोपवाटिकेआधी शेत काही आठवडे हिरव्या भाताविना राहू द्या. शेजाऱ्याच्या खाचरात खोडवा (धसकटांवर पुन्हा वाढलेले पीक) उभा असेल तर शेजाऱ्याशीही बोला, कारण कोळी वाऱ्यावर बांध ओलांडतो.