फक्त फिनिशिंग राहिलंय

आमच्या न्हाणीघराला दार नाही. पडदा आहे. आत गेलेल्या माणसानं सतत खाकरत राहायचं किंवा काहीतरी गुणगुणायचं, असा घरात नियम झालाय. खाकरणं थांबलं की बाहेरचा माणूस आत शिरतो. दाराबद्दल विचारलं की कॉन्ट्रॅक्टर अत्यंत प्रसन्न आवाजात सांगतो, "साहेब, काम सगळं झालंय. फक्त फिनिशिंग राहिलंय."

या फिनिशिंगमध्ये काय काय येतं ते मला सात महिन्यांत हळूहळू कळत गेलं. दार येतं. ओट्याखालचे चार ड्रॉवर येतात. त्यातला तिसरा उघडायचा तर आधी दुसरा अर्धा ओढून धरावा लागतो, आणि चौथा अजून लाकूडच आहे. भिंतीतून डोकावणाऱ्या तीन वायरी येतात. त्यांच्या टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलीय, आणि आपलं पुढं काय व्हायचं होतं हे आता त्यांनाही आठवत नसावं. छताच्या एका कोपऱ्यात पुट्टी आहे पण रंग नाही, समोरच्या कोपऱ्यात रंग आहे पण खाली पुट्टी नाही. आणि पाणी येतं. म्हणजे न्हाणीघरातलं पाणी, जे जाळीकडे जायचं सोडून पडद्याखालून बेडरूमकडे येतं.

वास्तविक फसायला मी काही अडाणी नव्हतो. बावीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवतोय. पण हीच माझी अडचण झाली. पहिल्या भेटीत त्यानं खिशातून लेझरचं मीटर काढलं, भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि आकडा मोठ्यानं वाचला. त्या ठिपक्यानंच मी गारद झालो. बायको तेवढी म्हणाली, "आमची खोली किती लांब आहे ते आम्हाला माहितेय. काम किती दिवसांत होईल?" त्यानं डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "पंचेचाळीस दिवस. मी स्वतः उभा राहून करून देतो."

हे वाक्य नीट पाहा. "मी करून देतो." शुद्ध कर्तरी प्रयोग. कर्ता ठळक, क्रियापद त्याच्या मागोमाग. हा माणूस आगाऊ रक्कम घेईपर्यंत कर्तरीत बोलत होता. रक्कम मिळाल्यावर तो कर्मणीत गेला: "माणसांकडून काम केलं जाईल." कर्ता तृतीयेतसुद्धा नाही, 'कडून' लावून कोपऱ्यात उभा. पुढं पुढं नुसतंच "होऊन जाईल" सुरू झालं, ज्यात काम हाच कर्ता. म्हणजे रात्री आम्ही झोपलो की काम उठणार, थापी घेणार आणि स्वतःला करून घेणार. शेवटी तर तो भावे प्रयोगात कायमचा राहायला गेला. दुपारी साडेतीनला खिडकीतून बाहेर बघून म्हणाला, "वहिनी, अंधारलं हो." उजाडलं, सांजावलं, मळमळलं, अंधारलं. या वाक्यांत कर्ता शोधायचा नसतो, असं मीच मुलांना शिकवत आलोय.

कराराचा कागद मात्र मी स्वतः वाचून, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून सही केला होता. 'न्हाणीघर, स्वयंपाकघर, रंगकाम इत्यादी.' वाचणाऱ्याला पुढचं आपोआप समजणार असेल तरच 'इत्यादी' लिहावं, हा माझा वर्गातला आवडता मुद्दा. बायकोनं विचारलं होतं, "यात दार कुठंय?" मी म्हटलं, "इत्यादीत." चार महिन्यांनी त्यालाही तेच विचारलं, तेव्हा त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "दार लिहिलेलं नाही साहेब. पण आपले संबंध आहेत, फिनिशिंगमध्ये बसवून टाकू."

त्याच कागदात खाली हप्ते होते. काम सुरू होताना चाळीस टक्के, फरशा बसवायला सुरुवात झाल्यावर तीस, रंगाला सुरुवात झाल्यावर वीस आणि काम पूर्ण झाल्यावर दहा. 'सुरुवात झाल्यावर' आणि 'पूर्ण झाल्यावर' यांतला फरक व्याकरणाच्या मास्तराला दिसू नये, याचं दुःख मला दारापेक्षा जास्त आहे. कारण त्याला तो बरोबर दिसला होता. एका सकाळी आठ वाजता (सकाळी आठला तो त्या एकदाच आला) एका गवंड्याला घेऊन तो हजर झाला. गवंड्यानं भिंतीवर एक फरशी चिकटवली, मागे सरून तिच्याकडे पाहिलं आणि हात धुतले. तीस टक्के. ती फरशी पुढं नऊ दिवस भिंतीवर एकटीच होती. रंगाचंही तसंच. हॉलमध्ये स्विचबोर्डाशेजारी हातभर पट्टा मारला, वीस टक्के. म्हणजे नव्वद टक्के पैसे गेले तेव्हा निम्म्याहून थोडं जास्त काम झालं असेल. मोठ्या बांधकामांत काम संपल्यावरसुद्धा पाच-दहा टक्के रक्कम दोष निघतील म्हणून काही महिने अडकवून ठेवतात, हे मला एका इंजिनिअर मित्रानं नंतर सांगितलं. मित्र नंतरच सांगतात.

तोडफोड मात्र अप्रतिम झाली. दीड दिवसात न्हाणीघर जमीनदोस्त. सहा माणसं, सहा घणं, दर चार मिनिटांनी राडारोड्याचं एक पोतं खाली. तोडणारी माणसं कधी आजारी पडत नाहीत, त्यांच्या गावाला कुणाचं लग्न नसतं, त्यांची गाडी पंक्चर होत नाही. बांधणाऱ्यांची प्रकृती नाजूक असते.

पुढचे काही आठवडे सिमेंट सुकण्यात गेले. आता यात तथ्य आहे. प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारावं लागतं, काँक्रीट पुरती ताकद धरायला २८ दिवस घेतं, फरशी बसवल्यावर सांधे भरण्याआधी एक दिवस थांबावं हे बरं. पण हे शास्त्र एकदा हाती लागल्यावर त्यानं ते सगळीकडं वापरलं. पुट्टी सुकू द्या. ड्रॉवर सुकू द्या. एकदा वायरिंगबद्दल विचारलं तर सवयीनं म्हणाला, "दोन दिवस सुकू द्या साहेब."

एका गोष्टीचं श्रेय त्याला द्यायला हवं. वॉटरप्रूफिंग त्यानं नीट केलं. ते तपासायला न्हाणीघरात पाणी भरून किमान चोवीस तास ठेवतात आणि खालच्या मजल्याचं छत बघतात. त्यानं दोन बादल्या ओतल्या, पाऊण तास उभा राहिला आणि "पास" म्हणाला. बायकोनं त्याला घालवला, निचऱ्याला बोळा घातला आणि घोट्याएवढं पाणी दोन दिवस साठवलं. खालच्यांच्या छताला डागसुद्धा पडला नाही. आमचं पाणी खाली जाऊच शकत नाही. ते वरच राहतं, आणि वर कुठं जायचं हे ढाळ ठरवतो.

ढाळ म्हणजे उतार. मीटरमागे एक-दोन सेंटीमीटर दिला की पाणी मुकाट्यानं जाळीकडे जातं. इतका साधा हिशेब आहे की जुने गवंडी पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीनं तो काढत. आमच्याकडे लेझर होता. पहिल्याच आंघोळीला पाणी दाराच्या दिशेनं चालू लागलं. मी मुलाची गोटी आणून जाळीशेजारी ठेवली. ती क्षणभर थबकली आणि गडगडत उंबऱ्यापाशी गेली. कॉन्ट्रॅक्टरला बोलावून प्रयोग पुन्हा करून दाखवला. त्यानं गोटी उचलून निरखली आणि म्हणाला, "गोल आहे ना साहेब, ती कुठंही जाणार." मग बादली ओतली. पाणी त्याच्या चपलांवरून बेडरूमकडे गेलं. त्याकडं मायेनं बघत तो म्हणाला, "नवीन काम आहे. पाण्याला अजून वळण लागलेलं नाही."

न्हाणीघराच्या भिंतीला तीन फरशा कमी पडल्या, त्याही फिनिशिंगमध्ये होत्या. आणल्या, नाव तेच, नंबर तोच, पण खोका वेगळ्या घाण्यातला. खोक्यावर शेडचा क्रमांक छापलेला असतो, आणि घाणा बदलला की रंगात छटेचा फरक पडू शकतो, म्हणून सगळी खोकी एकाच क्रमांकाची घ्यायची असतात. आमच्या तीन फरशा बाकीच्यांत आजारी असल्यासारख्या दिसतात. "दार आलं की मागं झाकल्या जातील." त्यांच्या शेजारचा स्विचबोर्ड तिरका आहे. "दार आलं की दिसणार नाही." पुढं पुढं मला त्या दाराची दया येऊ लागली. जन्माला येण्याआधीच केवढ्या जबाबदाऱ्या.

मग तो यायचा थांबला. फोन केला की म्हणायचा, "साहेब, गाडी चालवतोय, पोचलो की करतो." सकाळी गाडी, दुपारी गाडी, रात्री साडेदहाला गाडी. त्या हिशेबानं तो एव्हाना समुद्र ओलांडून गेला असायला हवा होता. एकदा मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी विचारलं नाही. माणसानं माणसाला थोडी जागा ठेवावी.

तो आला तो थेट पाचव्या महिन्यात, आणि बिल घेऊन आला. म्हणजे देणं आमच्याकडंच निघत होतं. 'एक्स्ट्रा' असं शीर्षक देऊन खाली अकरा ओळी. पहिली: 'डेकोरेटिव्ह कोनाडा, एक नग.' हा कोनाडा मला चांगला आठवत होता. प्लंबरला जुना पाइप सापडत नव्हता, तो शोधताना भिंतीला भगदाड पडलं, ते बुजवण्यापेक्षा चौकोनी करणं सोपं होतं. दुसरी: 'नळ वर घेणे.' नळ त्यांनी आधी गुडघ्याच्या उंचीला बसवला होता. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात 'साहेबांच्या सांगण्यावरून'. सबंध व्यवहारात त्याला कर्ता सापडला तो इथं, आणि तो मी होतो.

मी चिडून बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं वही आणली. ती पहिल्या दिवसापासून लिहीत होती, हे मलाही माहीत नव्हतं. 'मंगळवार. एक माणूस आला. भिंतीकडे बघून गेला. बुधवार. तोच माणूस, भिंतही तीच. गुरुवार. माणूस नाही.' तिनं मेजरिंग टेप त्याच्या हातात दिली आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेली पट्टी, मोजायला लावलं. स्कर्टिंगचा दर धावत्या फुटावर असतो. त्यानं भिंतींबरोबर तिन्ही खोल्यांच्या दारांच्या मोकळ्या जागाही मोजल्या होत्या, प्रत्येकी तीन फूट, एकूण नऊ. "जिथं दार लावायचं तिथं लावलं नाही," ती म्हणाली, "आणि जिथं दार आहे तिथं स्कर्टिंग लावलंत?" तो बराच वेळ टेप गुंडाळत बसला. फरशांची दहा टक्के नासधूस ती समजू शकत होती, कापाकापी होतेच. त्यानं बावीस टक्के लावली होती. संध्याकाळपर्यंत अकरातल्या तीन ओळी उरल्या आणि कोनाडा भेट म्हणून आम्हाला मिळाला.

तरी काम होईना. वकील मित्र म्हणाला, राहिलेली कामं, मुदत आणि पुढं काय करणार ते लेखी कळव. मी तीन पानी पत्र लिहिलं. अनुस्वार तपासले, 'इत्यादी' एकदाही वापरलं नाही. ते फोनवर पाठवलं. दहा सेकंदांत उत्तर आलं: वर केलेला अंगठा. पत्र पोचलं, की मान्य आहे, की छान लिहिता साहेब? अंगठ्याला काळ नाही, वचन नाही, विभक्ती नाही. त्या रात्री मी पूर्ण हरलो.

बायकोनं सकाळी एका ओळीचा मेसेज केला: 'उरलेली कामं दुसऱ्याकडून करून घेतेय, खर्च तुमच्या दहा टक्क्यांतून कापणार.' वीस मिनिटांत फोन! गाडी थांबलेली असावी. सोमवारी माणसं पाठवतो म्हणाला. आम्ही दोन सोमवार बघितले.

मग एक म्हातारा गवंडी आला. न्हाणीघरात शिरला, इकडंतिकडं पाहिलं, बोटानं फरशी टकटकवून पोकळ आवाज ऐकला, आणि हे लोक म्हणतातच ते म्हणाला, "कुणी केलं होतं हो हे?" मला त्याही स्थितीत जरा बरं वाटलं. बायको म्हणाली, "तुमचं काम कोण करणार?"

"कोण म्हणजे? मीच करणार."

इतका साधा कर्तरी मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी खुर्ची आणून दिली. त्यानं खालच्या फरशा जपून उचटल्या, वॉटरप्रूफिंगला धक्का न लावता मसाल्याचा ढाळ नव्यानं काढला, लेझरऐवजी ती पाण्याची नळी वापरली. खरोखर सुकायला लागणारे दिवसच काय ते थांबला. शेवटच्या दिवशी आम्ही तिघं उंबऱ्याशी उभे राहिलो आणि त्यानं बादली ओतली. पाणी क्षणभर पसरलं, मग वळलं आणि एका रेषेत जाळीकडे गेलं. आम्ही आणखी एक बादली ओतली. मग मुलगा गोटी घेऊन आला.

मी तिसरी बादली भरत होतो तेव्हा फोन वाजला. कॉन्ट्रॅक्टर होता. "साहेब, ते दहा टक्के तेवढे राहिलेत."

"हो हो," मी म्हटलं, "होऊन जातील. आत्ता जरा गाडी चालवतोय."

पडद्याबाहेरून मुलगा मोठ्यानं म्हणाला, "बाबा, आपल्याकडं गाडी कुठंय?"