सेंट लुईस म्हणे ओसाड जागी वसलं! शुतोंचेच कागद काय सांगतात?

अमेरिकेतल्या, मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहराची एक गोष्ट बरीच फिरते. चौदा वर्षांच्या एका पोराने तीस माणसं घेऊन निर्मनुष्य जंगलात, निव्वळ स्वतःच्या घामावर हे शहर उभं केलं. आणि पुरावा हवा असेल तर त्याच्या घराण्याने अडीचशे वर्षं जपलेली दप्तरं आहेतच. मग ठरलेला टोमणा येतो, की आपल्याकडे मेलं कोणी काही लिहून ठेवत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद पडून आहेत, तेव्हा टोमणा सोडून देऊ. पण त्या शुतो घराण्याच्या कागदांचा दाखला देणाऱ्यांनी ते कागद चाळले तरी असते तर बरं झालं असतं.

आधी पोराचं पाहू. पोरगा खरा आणि वयही खरं. ओग्युस्त शुतो १७४९ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सला जन्मला आणि फेब्रुवारी १७६४ च्या मध्यावर माणसं घेऊन नदीच्या पश्चिम काठावर उतरला. पण धनी तो नव्हे. धनी होता पिएर लाक्लेद, फ्रान्सहून आलेला व्यापारी. मॅक्सेंट नावाच्या भागीदारासोबत त्याने नदीच्या वरच्या अंगाच्या मुलखातल्या कातड्यांच्या व्यापाराचा परवाना मिळवला, १७६३ च्या ऑगस्टात न्यू ऑर्लिन्स सोडलं, डिसेंबरात जागा हेरून झाडांवर खुणा केल्या आणि पोराला बजावलं, की नदीची वाट मोकळी झाली की इथे यायचं, जागा साफ करायची आणि मी देईन त्या आराखड्यानुसार काम चालू करायचं. हे सगळं ओग्युस्तनेच लिहिलंय. त्याला मुकादम म्हणा. चौदाव्या वर्षी तीस जणांकडून काम करून घेणं ही काही लहान गोष्ट नाही, पण संस्थापक म्हणजे वेगळं.

हे लिखाण म्हणजे फ्रेंचमधली मोजकी पानं. ती तिथल्या मर्कंटाइल लायब्ररीकडे आली आणि १८५८ साली इंग्रजीत छापली गेली. पुढचा मजकूर हरवला. शिवाय ही रोजनिशीही नव्हे, पुष्कळ वर्षांनी मागे वळून लिहिलेली हकिगत आहे, म्हणजे जात बखरीची. माणसं उतरली ती तारीख चौदा की पंधरा, यावरसुद्धा वाद आहे.

आता 'निर्मनुष्य जंगल'. इथे मात्र त्याच पानांनी गोष्टीचा पार फज्जा उडवलाय. काम सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, तोच मिझूरिया या मूलनिवासी जमातीची अख्खी वस्ती तिथे येऊन थडकली. दीडशेच्या आसपास पुरुष, वर बायकापोरं. ते लढायला आले नव्हते, राहायला आले होते. गोऱ्यांच्या गावाशेजारी आपलंही गाव वसवू, असा त्यांचा बेत. ओग्युस्त काळजीत पडला. त्याने लाक्लेदला निरोप धाडला आणि तो येईपर्यंत या बायकापोरांना कामाला लावलं. लाक्लेदच्या घराचं तळघर खणायचं होतं. बायकांनी आणि मुलांनी ते बरंचसं खणलं, माती लाकडी परातींत आणि टोपल्यांत भरून डोक्यावरून वाहिली. मजुरी काय, तर हिंगूळ (लाल रंग), जंगाल (हिरवा रंग) आणि भोकं पाडायच्या आऱ्या. शहरातल्या पहिल्या मोठ्या घराचा पाया कोणी खणला, हे खुद्द मुकादमाच्या हातचं लिहिलेलं आहे, आणि तरी 'स्वतःच्या घामावर' म्हणायचं!

लाक्लेद आल्यावर मिझूरियांच्या सरदारांनी त्याला सांगितलं, की आम्ही बदकांसारखे आहोत, मोकळं पाणी शोधतोय, आणि याहून चांगली जागा आम्हाला मिळाली नाही. त्यावर लाक्लेदने त्यांचीच उपमा त्यांच्यावर उलटवली: मोकळ्या पाण्यावरच्या बदकांना गरुड सहज टिपतात, इथे तुम्हाला लपायला जागा नाही, शत्रू येऊन तुमची बायकापोरं धरून नेतील. शेवटी ते निघून गेले. माझ्या मते हा या सबंध लिखाणातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, कारण जागा 'रिकामी' कशी होते ते त्यात दिसतं.

आणि त्याआधीचं? त्याच काठावर मातीचे मोठाले टेकाड होते, शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी रचलेले. नदीपलीकडे काहोकिया हे त्यांचं मोठं नगर. सेंट लुईसला 'माउंड सिटी' म्हणत ते यामुळेच. सर्वांत मोठं टेकाड १८६९ पर्यंत खणून सपाट केलं गेलं.

काही जण या मंडळींना 'इंग्रज' म्हणतात. ते फ्रेंच होते. गाव वसलं तेव्हा तो मुलूख फ्रान्सने १७६२ मध्येच गुपचूप स्पेनला देऊन टाकला होता, आणि याचा लाक्लेदला पत्ता नव्हता. अमेरिकेचा झेंडा तिथे लागला तो १८०४ साली.

घामाचा हिशोब मात्र तळघरापाशी संपत नाही. १७६८ साली लाक्लेदने ओग्युस्तची आई मारी-तेरेझ आणि तिच्या मुलांच्या नावे घर, जमीन लिहून दिली. त्या दस्तऐवजात मालमत्तेसोबत गुलामही आहेत, काळे आणि मूलनिवासी असे दोन्ही. पुढच्याच वर्षी स्पॅनिश गव्हर्नर ओ'रायलीने मूलनिवासींना गुलाम करण्यावर बंदी घातली, पण आधीपासून ताब्यात असलेले तूर्त मालकांकडेच राहिले.

याच कागदाने 'घराण्याने सगळं लिहून ठेवलंय' या दाव्यालाही सुरुंग लागतो. परक्या माणसाने एवढं का द्यावं? मारी-तेरेझ नवऱ्याला सोडून लाक्लेदसोबत राहत होती, तिची धाकटी चार मुलं लाक्लेदची, पण नोंदीत सगळी शुतो. त्या काळी घटस्फोट नव्हता. नवऱ्याने तिला परत मिळवायला सरकारदरबारी खटपट केली, ती गेली नाही. तो १७७६ मध्ये वारला, तरी तिने लाक्लेदशी लग्न केलं नाही. पुढच्या पिढ्यांतल्या काही वंशजांना हे नातंच मान्य नव्हतं. कागद होते ते जमिनीचे, कर्जाचे, व्यापाराचे. तेही टिकले यात नवल नाही: १८०४ नंतर जुन्या स्पॅनिश जमिनींचे दावे अमेरिकन आयोगापुढे सिद्ध करायचे होते, कागद गेला तर जमीन गेली.

गुलामांची बाजू घराण्याच्या पेटीत नाही, कोर्टाच्या दप्तरात आहे. मार्गरीत नावाच्या बाईची आजी नॅचेझ जमातीची होती. मूलनिवासी वंशाच्या आपल्याला गुलाम ठेवताच येत नाही, असं म्हणत ती आणि तिच्या बहिणी १८०५ पासून कोर्टाची पायरी चढल्या. तिला ताब्यात ठेवणारा होता पिएर शुतो, ओग्युस्तचा सावत्र भाऊ. १८३६ मध्ये ज्युरीने निकाल तिच्या बाजूने दिला, आणि १८३८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शुतोचं अपील आपल्या अधिकारात येत नाही म्हणून काढून टाकलं. सेंट लुईसच्या सर्किट कोर्टात गुलामांनी स्वातंत्र्यासाठी लावलेले असे तीनशेच्या वर दावे सापडलेत. ड्रेड स्कॉट या गुलामाचा गाजलेला दावाही त्यातलाच, १८४६ चा.