‘पहिला बाइट वाया जातो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एसपीआय (दोन चिपांनी तारांवरून एकाच वेळी बिट देण्याघेण्याची पद्धत) या विषयावरच्या लेखात मी म्हटलं होतं: मास्टर, म्हणजे क्लॉक चालवणारी चिप, आदेश पाठवते तेव्हा स्लेव्हकडून, म्हणजे समोरच्या चिपकडून, येणारा पहिला बाइट वाया जातो; तो त्या आदेशाचं उत्तर नसतो. त्याखाली तुम्ही लिहिलंत, “पहिला बाइट वाया जातो हे साफ चूक. एनआरएफ२४एल०१ पहिल्याच बाइटला उत्तर देतो. आधी डेटाशीट वाचा, मग लोकांना शिकवा. शिवाय आकृतीत मिसोचा बाण उलटा, आणि क्लॉकच्या मोडबद्दल अक्षर नाही.”

मिसोचा, म्हणजे स्लेव्हकडून मास्टरकडे येणाऱ्या तारेचा, बाण उलटा होता, मान्य. काल रात्रीच दुरुस्त केला. मोड हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

पण “आधी डेटाशीट वाचा” हे मला लागलं. दहावीपर्यंत मी बेळगावात मराठी शाळेत शिकलो. पहिली डेटाशीट (चिपचं इंग्रजी माहितीपत्रक) शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक ओळ तीनतीनदा वाचून काढली. आमच्याकडच्या पोरांना तेवढं झुंजावं लागू नये म्हणून मी मराठीत लिहितो. चूक दाखवा की, जरूर दाखवा; पण समोरच्यानं वाचलंच नसेल असं धरून बोलायची ही कुठली रीत?

आता तुमचा एनआरएफ, म्हणजे ती रेडिओ चिप. आदेश आत घेता घेता तो बाहेर सोडतो तो स्टेटस, म्हणजे स्वतःच्या स्थितीचा बाइट. आदेश कोणताही द्या, पहिला बाइट तोच, कारण तो आधीच तयार असतो. तुम्ही मागितलेलं रजिस्टर (चिपमधला माहितीचा कप्पा) येतं पुढच्या बाइटपासून. क्लॉक मास्टरच्या हातात. आदेशाचा आठवा बिट आत येईस्तोवर स्लेव्हचे आठही बिट बाहेर पडायला लागलेले असतात. जे पुरतं ऐकलंच नाही त्याचं उत्तर तो देणार कुठून?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या पॅनेलवर मी हे दोन रात्री भोगलंय. स्लेव्ह १६ मेगाहर्ट्झवरचा एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर. जो आदेश पाठवावा तोच पुढच्या बाइटला परत! वायरी बदलल्या, बोर्ड बदलला. शेवटी कळलं, त्याच्या एसपीडीआरला (एसपीआयचा बाइट ठेवायच्या रजिस्टरला) पाठवायच्या बाजूनं जादा बफर नाही. इंटरप्टमध्ये (बाइट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) उत्तर भरायच्या आत मास्टरनं पुढचा बाइट सुरू केला, की शिफ्ट रजिस्टरात (बिट एकेक करून आतबाहेर सरकवणाऱ्या रजिस्टरात) उरलेला आपलाच आदेश बाहेर येतो. उशिरा लिहिलेलं उत्तर गळतं आणि डब्ल्यूकॉल बिट, म्हणजे लिहिताना टक्कर झाल्याची खूण, लागतो. १ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला अख्खा बाइट ८ मायक्रोसेकंदांचा. दोन बाइटांमध्ये मास्टरला २० मायक्रोसेकंद थांबवलं, तेव्हा भट्टीचं तापमान दिसलं.

आदेशाच्याच बाइटमध्ये मागितलेलं रजिस्टर देणारा स्लेव्ह तुमच्याकडे असेल, तर ऑसिलोस्कोपचा फोटो टाका. लेख बदलीन, तुमच्या नावानिशी. तोवर त्यातलं ते वाक्य तसंच राहील.