सातवीचा प्रोजेक्ट आणि आमची लॅब

सातवीच्या मुलांना प्रोजेक्ट द्यायचाय, त्यासाठी एखादं चांगलं सॉफ्टवेअर बघा, असं हेडसर म्हणाले आणि वर "कॉम्प्युटरचं तुम्हालाच कळतं". कळतं म्हणजे काय, तर गॅदरिंगला प्रोजेक्टरची वायर मी लावतो.

मला स्वतःला स्क्रॅच आवडलं होतं, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं, अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी २००७ ला आणलेलं, फुकट आहे, रंगीत ब्लॉक एकाखाली एक जोडायचे आणि मांजर चालायला लागते. पण लॅबमध्ये नेट येत नाही, जे येतं ते ऑफिसात यूडायस, म्हणजे शाळेची सरकारी माहिती, भरण्यात संपतं, म्हणून ऑफलाइनवालं उतरवून नेलं तर ते म्हणतंय विंडोज १० आणा. आमच्याकडे विंडोज ७. त्याला खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीतच हात जोडले, आम्ही अजून रोज हळदीकुंकू वाहतोय. मग जुनं १.४ व्हर्जन पेनड्राइव्हवर आणलं, ते मात्र झकास चाललं, फक्त त्याच पेनड्राइव्हमधून व्हायरसही आला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, त्यात दहावीच्या चाचणीचे मार्क होते. पुढचे दोन दिवस स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी चहालासुद्धा बोललं नाही.

बोलायला लागले ते सल्ले घेऊनच. गणिताच्या मॅडम आकृत्या-आलेख काढायच्या जिओजेब्रावर ठाम. विज्ञानाच्या सरांना स्टेलेरियम हवं, मुलांना आकाश दाखवायचंय म्हणे, चालू केलं तर काळाकुट्ट स्क्रीन, सर म्हणाले अमावस्या असेल. मराठीच्या बाईंचं म्हणणं साधं, सॉफ्टवेअर काहीही घ्या पण टायपिंग कृतिदेवमध्येच, त्यांचा हात त्यावर बसलाय. आता ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे शिवाजी महाराजांच्या माहितीची इंग्रजी अक्षरांत भेळ होते हे बाईंना कोण सांगणार, मी तरी नाही.

मुलांचा प्रश्नच वेगळा. "सर, कॅनव्हावर केलं तर चालेल?" कॅनव्हा म्हणजे तयार डिझाइनांचं ॲप, आईच्या मोबाइलवर निम्म्यांचं करूनही झालं होतं. पालकांच्या ग्रुपवर एकच चौकशी, किती मार्काला आहे.

शेवटी १.४ च ठरलं, मशीनं साफ केली, एका पोराने मांजरीला अख्ख्या नाशिकच्या नकाशावर फिरवून दाखवली, मी तर खूश. हेडसरांनी पण मान हलवून पूर्ण बघितलं, छान म्हणाले.

"आता याची कलर प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घ्या, तपासणीला फाइल दाखवावी लागते."