सेन्सर काढून गाडी थंड होत नसते
मे लागला की जळगाव-भुसावळकडच्या ड्रायव्हर मंडळींच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो: व्हॅनचा कूलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, म्हणजे कूलंटचं, तापमान मोजणारा तुकडा) काढा, तिथे बोल्ट ठोका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, फॅन सतत फिरेल, गाडी तापणार नाही, पेट्रोलही वाचेल. लग्नसराईत वऱ्हाड घेऊन कन्नडचा घाट चढणाऱ्यांनी तरी हे ऐकू नये.

फॅन सतत फिरतो, हे बऱ्याच गाड्यांत खरं आहे. तापमान कळेनासं झालं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तो चालूच ठेवतो. पण पाणी कमी असेल, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला असेल, तर फॅन काय करणार? शिवाय बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा किंवा लाल दिवा याच सेन्सरवर चालतो. तो गेला की गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) उडेपर्यंत काहीच कळत नाही.

पेट्रोल वाचतं, हे तर साफ खोटं. हा सेन्सर गार असताना विजेला रोध जास्त दाखवतो: 20 अंशांना दोन-अडीच हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. वायर सुटली की ईसीएमला वाटतं, इंजिन बर्फासारखं गार आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. काही गाड्या ठरावीक आकडा धरून चालतात, पण अचूक हिशेब तिथेही संपतो. चेक इंजिनचा दिवा लागतो, पी0118 हा याच सेन्सरच्या बिघाडाचा कोड येतो, पेट्रोल जास्त जातं. मागच्या उन्हाळ्यात पाचोऱ्याकडची अशीच एक व्हॅन माझ्याकडे आली. स्पार्क प्लग काढले तर चारही टोकं काळीकुट्ट, बोट लावलं की काजळी निघत होती.

पाण्याचं म्हणाल, तर बोअरचं पाणी उकळून पातेल्याच्या तळाशी काय बसतं, ते घरी बघा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

सगळ्यात जास्त राग मला गरम इंजिनवर सेन्सर खोलायला सांगणाऱ्यांचा येतो. व्हॅनचं इंजिन सीटखाली. सीट उचलून वाकलं की तोंड बरोबर त्याच्यावर. रेडिएटरच्या कॅपने धरून ठेवलेल्या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; सेन्सर ढिला झाला की दाब सुटतो आणि उकळता फवारा थेट चेहऱ्यावर येतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग कॅप उघडा, थोडं कूलंट काढा, सेन्सरच्या वायरच्या कपलरचं (जोडाचं) लॉक दाबून सोडवा, वायर ओढू नका.

सेन्सरवर संशय असेल तर काढलेला तुकडा गरम पाण्यात धरून मल्टिमीटर लावा. ओहम एकसारखे उतरत गेले तर तो चांगला आहे. नवा वॉशर टाकून परत बसवा, कूलंट भरून हवा काढा, आणि फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) तपासा.