‘बाजारू’ म्हणालात, म्हणून हे उत्तर

नमस्कार,

नाव लिहिलं नाहीत, तेव्हा ‘निनावी’ असंच म्हणतो. लिझ फेअर या अमेरिकन रॉक गायिकेच्या २००३ च्या अल्बमवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही चांगली पानभर प्रतिक्रिया टाकलीत. उत्तर तिथे मावेना, म्हणून ते इथे वेगळं टाकतोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ही बाई विकली गेली. अख्खा अल्बम तिनं भाड्याच्या गीतकारांकडून करून घेतला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळानं त्याला दहापैकी ०.० गुण दिले ते बरोबरच होतं, आणि त्याच समीक्षकानं सोळा वर्षांनी मागितलेली माफी म्हणजे हवा बघून फिरवलेलं शीड. मी ‘बाई होती म्हणून झोडपली’ हे रडगाणं लावलंय, कारण तिचा पहिला अल्बम मी नीट ऐकलेलाच नाही. आणि शेवटी एकाच शब्दात निकाल: ‘बाजारू’.

रडगाण्याचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं निम्मं बरोबर आहे. या अल्बमवरचा सगळ्यात गाजलेला हल्ला पुरुषानं केलेला नव्हता. मेगन ओरूर्क या समीक्षिकेनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये तो लेख लिहिला, अल्बम यायच्या दोनच दिवस आधी. मथळ्यातच तिच्या पहिल्या अल्बमच्या, ‘एक्झाइल इन गायव्हिल’च्या, नावातल्या ‘गायव्हिल’चं ‘एव्हरिल-व्हिल’ करून टाकलं होतं. पॉप गायिका एव्हरिल लव्हीन तेव्हा अठरा वर्षांची, लिझ फेअर छत्तीसची. तेव्हा ‘पुरुष समीक्षकांनी तिला धडा शिकवला’ हे माझं वाक्य आळशीपणाचं होतं. ते मूळ लेखात आजच दुरुस्त केलंय. पण त्या लेखाचा रोख गाण्यांपेक्षा वयावर जास्त होता हेही तुम्हाला मान्य करावं लागेल. प्रौढ बाईनं पोरींसारखं गाऊ नये, असा. छत्तिशीतल्या किती रॉक गायकांना कुणी जन्मतारीख विचारली होती?

(फेअरनं त्या लेखाला वर्तमानपत्रातच पत्र लिहून उत्तर दिलं, तेही गोष्टीच्या रूपात. आभाळ पडलं म्हणून गावभर ओरडत सुटणाऱ्या कोंबडीच्या पिल्लाची गोष्ट. आपल्याकडे तेच काम भित्रा ससा करतो. पत्र तिरपागडं आहे, तिचा मुद्दा त्यानं फारसा पुढे जात नाही, पण मला आवडतं.)

आता ‘अख्खा अल्बम’. चौदा गाण्यांपैकी द मॅट्रिक्स या गीतकार-निर्मात्यांच्या त्रिकुटासोबत केलेली गाणी चार: ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’, ‘व्हाय कान्ट आय?’, ‘रॉक मी’ आणि ‘फेवरिट’. लॉरेन क्रिस्टी, ग्रॅहम एडवर्ड्स आणि स्कॉट स्पॉक हे ते तिघं. एव्हरिल लव्हीनचं ‘कॉम्प्लिकेटेड’ यांचंच, म्हणून तर तुलना आयती मिळाली. उरलेल्या दहा गाण्यांत मायकेल पेनसोबत केलेली गाणी आहेत, आणि ती चकचकीत म्हणावीत अशी अजिबात नाहीत. पण कंपनीनं पुढे काय केलं? रेडिओला ‘व्हाय कान्ट आय?’ दिलं. ते बिलबोर्डच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि बहुतेकांनी त्या चार गाण्यांवरून चौदांचा निकाल लावला. तुमच्या प्रतिक्रियेतही नावं येतात ती याच चारांमधली. बाकीची दहा तुम्ही ऐकली नसतील असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की त्यातल्या एकाबद्दलही तुम्ही अक्षर लिहिलेलं नाही.

‘एक्झाइल इन गायव्हिल’ मी ऐकलाय. दोन-चारदा नव्हे, पाठ होण्याइतका. १९९३ चा, अठरा गाण्यांचा, शिकागोत ब्रॅड वुड या निर्मात्यासोबत ध्वनिमुद्रित केलेला अल्बम. रोलिंग स्टोन्सच्या १९७२ च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ला गाण्यागणिक दिलेलं उत्तर, असं ती स्वतः सांगत आली आहे. त्या वर्षीच्या व्हिलेज व्हॉइसच्या समीक्षक-मतदानात तो पहिला आला. तिचा आवाज त्यात खाली, सपाट, जवळजवळ बोलल्यासारखा लागतो. सूर थोडा घसरला तर घसरू दिलाय. ‘डिव्होर्स साँग’मध्ये काय आहे? दुपारपासून गाडी चालवून थकलेलं जोडपं, रात्री उशिरा तिनं मागितलेली वेगळी खोली, आणि त्यावरून पेटत गेलेलं भांडण. कुणी ओरडत नाही. शेजारच्या खोलीतून ऐकू यावं तसं ते ऐकू येतं. असा अल्बम एखाद्याच्या आयुष्यात एकदाच होतो, याबद्दल तुमचा-माझा वाद नाही.

वाद आहे तो क्रमाचा, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तिला उलट्या क्रमानं ऐकलं.

२००४ मध्ये पुण्यात वसतिगृहावर राहत होतो. खोलीत चौघांत मिळून एक जोडलेला कॉम्प्युटर, विनॅम्प, आणि कुणाच्या तरी मामेभावानं भरून दिलेली एमपीथ्रीची सीडी. वर मार्करनं ‘इंग्लिश मिक्स ७’. त्यात कुठेतरी मधेच ‘व्हाय कान्ट आय?’ होतं, गायिकेचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं ‘ट्रॅक १९’. महिनाभर ते रोज वाजलं. ‘गायव्हिल’ हातात पडला तो त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. म्हणजे तुमच्यासाठी जी देवळातून बाजारात उतरली, ती मला बाजारात भेटली आणि मग घरी घेऊन गेली. तुम्हाला वाटलेली फसवणूक मला कधी वाटलीच नाही, कारण माझ्याशी आधी कुठला करारच झालेला नव्हता. माझ्या मताला या योगायोगाचा वास असणार, तो तुम्ही वजा करून घ्या.

पण मग वजाबाकी तुम्हीही करा. ‘व्हाय कान्ट आय?’ पुन्हा एकदा लावा आणि संगीताकडे दुर्लक्ष करून फक्त शब्द ऐका. वरून शुद्ध साखर आहे: कोरसला गिटारींची भिंत, आवाज वर चढवलेला, थरांवर थर. आत काय चाललंय? दोघं जण नुकतेच भेटलेत. त्याला प्रेयसी आहे, तिचीही कुणीतरी वाट बघतंय. अजून एकत्र झोपलेले नाहीत, हे ती दुसऱ्या कडव्यात इतक्या उघड शब्दात सांगते की रेडिओसाठी तो शब्द बदलावा लागला. हे शाळकरी पोरींचं प्रेमगीत नाही. दोन घरं मोडायच्या बेतात असताना होणारी छातीतली धडधड आहे ती. पुढे हेच गाणं ‘थर्टीन गोइंग ऑन थर्टी’ नावाच्या गोड सिनेमात वाजलं, तेरा वर्षांची मुलगी एकदम तीस वर्षांची होते त्या गोष्टीत! तीस वर्षांच्या बाईनं तेराची होऊ नये म्हणून ज्या गायिकेला झोडपलं, तिचंच गाणं.

आणि ‘रॉक मी’. तुम्ही त्याला ‘लाजिरवाणं’ म्हणालात. त्यात ती आपल्यापेक्षा कितीतरी लहान पोराला पटवते आहे, त्याच्या खोलीत जमिनीवर बसून एक्सबॉक्स खेळायची तयारी आहे तिची. त्याच्याकडे रेकॉर्डचा संग्रह बिंग्रह काही नाही, आणि लिझ फेअर कोण हे त्याला ठाऊकही नाही, असं ती गाण्यातच म्हणून टाकते. स्वतःचं नाव घेऊन! ज्या जाणकार, संग्रहवाल्या श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतलं, त्यांना मारलेला हा टोमणा आहे, आणि तो त्यांना अगदी बरोबर जागी लागला असावा. मला नाही लागला. ‘ट्रॅक १९’ ऐकत जमिनीवर बसलेला तो संग्रहशून्य पोरगा मीच होतो की.

एवढं म्हटल्यावर हेही म्हणतो: ‘फेवरिट’ टाकाऊ आहे. जुना प्रियकर म्हणजे आवडती चड्डी, ही उपमा एका ओळीत हसवते. तिच्यावर अख्खं गाणं उभं केल्यावर शिसारी येते. ‘एचडब्ल्यूसी’ या उघड लैंगिक गाण्याबद्दल या ब्लॉगवर लिहायची सोय नाही, पण नुसती धिटाई म्हणजे गाणं नव्हे हे तिथे तुमच्यासारखंच माझंही मत आहे. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ मला आवडत नाही, रस्त्यात लागलं तर बंदही करत नाही.

मग शून्याचं काय? शाळेतही शून्य दोघांनाच मिळायचं, कोरा पेपर देणाऱ्याला आणि कॉपी करताना सापडलेल्याला. पेपर कोरा नव्हता, चौदा प्रश्न सोडवलेले होते, काही चुकीचे, काही बरे. म्हणजे हे शून्य दुसऱ्या प्रकारचं. ते तपासून दिलेलं नव्हतं, वर्गाबाहेर काढण्यासाठी दिलेलं होतं. त्याच अल्बमला रॉबर्ट क्रिस्टगाऊ या मुरलेल्या समीक्षकानं ‘ए’ दिला होता, तोही तेव्हाच, कुठलीही हवा फिरायच्या आधी. तो मला जरा सढळ हाताचा वाटतो, पण त्यानं चौदाही गाणी ऐकलीत हे कळतं.

माफीबद्दल मी तुमच्याइतका कडू नाही, पण अगदी भोळाही नाही. मॅट लेमे यानं ते परीक्षण लिहिलं तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. २०१९ मध्ये त्यानं ट्विटरवर आपण तेव्हा वरून बघून लिहिलं होतं असं कबूल केलं, आणि फेअरनं ते हसत घेतलं. विसाव्या वर्षी लिहिलेलं माझंही बरंच काही मला लपवावंसं वाटतं, त्याचं निदान जगासमोर होतं. मला खटकतं ते पुढचं. २०२१ मध्ये पिचफोर्कनं काही जुन्या अल्बमना नव्यानं गुण दिले, त्यात हा ०.० वरून ६.० वर आला. सहा ठीकच आहे, मीही साडेसहाच्या आसपास थांबलो असतो. पण सहा गुणांची उडी नव्यानं ऐकून मारली की लाजेनं, हे ठरवता येत नाही. इथे तुमच्या संशयात मीही सामील आहे. फक्त तोच संशय जुन्या शून्यावरही घ्या ना.

राहिला तुमचा शब्द. ‘बाजारू’ हा आपल्या भाषेत साधा शब्द नाही, पुरुष गायकाला लावला तर त्याचं गाणं हलकं ठरतं, बाईला लावला की बाईच. हे तुम्ही मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. पण शब्द वापरलात, म्हणून बोललो. आपलं गाणं रेडिओवर वाजावं, ही इच्छा तिनं कधी लपवली नाही. घटस्फोट २००१ मध्ये झालेला, पदरात सात वर्षांचंही नाही असं मूल, आधीचा अल्बम १९९८ चा. आणि ‘गायव्हिल’ काय प्रसाद म्हणून वाटला होता का? तोही मॅटाडोर या रेकॉर्ड कंपनीनं विकलाच, वेगळ्या गिऱ्हाइकाला. त्या गिऱ्हाइकाला खरखर हवी होती, या गिऱ्हाइकाला गुळगुळीत.

तुम्हाला एकच विनंती आहे. या अल्बममधलं सात नंबरचं गाणं लावा, ‘लिटल डिगर’. ‘रॉक मी’ संपल्यावर मधे एक गाणं जातं आणि हे येतं. आईच्या खोलीत नवा माणूस आहे. पोरगा आपले खेळण्यातले ट्रक घेऊन पलंगापाशी येतो आणि आई माझी आहे असं बजावतो. ती त्याला काही समजावत बसत नाही. झालं ते नुकसान झालं, त्याचा घाव निदान आपल्यालाच लागलेला असू दे, एवढंच मागते. दोन गाण्यांपूर्वी एक्सबॉक्स खेळणारी हीच बाई. ही दोन गाणी एका अल्बममध्ये इतक्या जवळजवळ ठेवायला काय लागतं, ते ऐकून मग मला सांगा.

तरीही शून्यच वाटलं तर तसं लिहा, छापतो. या वेळी नाव घालून.